मंडळीला हसवावे कसे, धीर द्यावा कसा: नव्या पाळकांसाठी काही सूचना

उपदेशात विनोद कोठे घालावा, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीचा नवा पाळक बहुधा शनिवारी रात्री स्वतःला विचारतो आणि मग मोबाइलवर विनोद शोधू लागतो. हा क्रम उलटा आहे. आधी कागद घ्यावा आणि उद्या सकाळी बाकांवर कोण कोण बसणार आहे, त्यांतील चार-पाच जणांची नावे लिहावीत: ठरलेले लग्न मोडल्यामुळे लोकांच्या नजरा टाळणारी मुलगी, दोन महिन्यांचा पगार अडकलेला कारखान्यातील कामगार, बारावीच्या निकालाची धास्ती घेतलेला गायनवर्गातील मुलगा, गुडघे धरल्यामुळे दाराजवळच्या बाकावर बसणाऱ्या आजी. या माणसांना उद्या मान वर करून बसता येईल असे आपण काय बोलणार आहोत, हे ठरले की विनोद हवा की नको, हवा तर कोणता, हे आपोआप स्पष्ट होत जाते. बायबलमधील नीतिसूत्रांच्या सतराव्या अध्यायात आनंदी हृदयाला औषध म्हटले आहे. औषध देणाऱ्याने आधी रोग्याची नाडी पाहायची असते, कपाटातील बाटल्या नंतर उघडायच्या असतात.

काही मंडळ्यांत वडीलधाऱ्यांना उपासनेत हशा पिकलेला आवडत नाही. त्यांच्या मनात देवाच्या घराविषयी जो आदर आहे तो खरा आहे, म्हणून त्यांच्याशी वाद घालू नये. मात्र हसणे आणि भक्ती यांचे वैर नाही, हे त्यांना निवांतपणे सांगता येते. १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस यांनी जगभरातील शंभरहून अधिक विनोदी कलाकारांना व्हॅटिकनमध्ये बोलावले होते आणि ज्यांच्यावर आपले प्रेम असते त्यांच्याशी आपण जशी थट्टा करतो तसे देवाच्या बाबतीतही हसता येते, मात्र त्यात कोणाच्या श्रद्धेला दुखवू नये, असे त्यांना सांगितले होते. आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळकांचे घ्यावे. संसाराची ओढाताण, पतीच्या धर्मांतरानंतरची ताटातूट आणि पुढे त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा, हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत अशा प्रसन्नपणे सांगितले आहे की वाचणारा हसता हसता डोळे पुसतो आणि त्यात त्यांच्या विश्वासाचे वजन तसूभरही कमी होत नाही.

शास्त्रातले हसू आधी शोधावे

बाहेरून आणलेला विनोद मंडळीने बहुधा आधीच वाचलेला असतो. शास्त्रात मात्र हसू जागोजाग आहे. आपण गंभीर सुरात भराभर वाचत गेल्यामुळे ते ऐकू येत नाही. प्रेषितांच्या कृत्यांचा विसावा अध्याय घ्यावा. त्रोवस येथे आठवड्याच्या पहिल्या दिवशी सर्व जण भाकर मोडण्यासाठी जमले आहेत, प्रेषित पौलाला दुसऱ्या दिवशी निघायचे आहे, म्हणून तो बोलतो आहे आणि त्याचे बोलणे मध्यरात्रीपर्यंत लांबले आहे. माडीवरच्या खोलीत पुष्कळ दिवे लागलेले आहेत. युतुख नावाचा तरुण खिडकीत बसला आहे, त्याला गाढ झोप लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो.

हे सांगताना घाई करू नये. आधी खोली उभी करावी: दाटीवाटीने बसलेली माणसे, दिव्यांची धग, आणि बहुधा वाऱ्यासाठी खिडकी गाठलेला तो पोरगा. त्याचे डोळे मिटतात, तो दचकून उघडतो, पुन्हा मिटतात. मान एकदा छातीवर, एकदा खांद्यावर. इतके सांगून क्षणभर थांबावे. दुपारच्या उपासनेत ज्यांची हीच अवस्था होते ते सगळे आपापल्या जागी सावरून बसतील, एकमेकांकडे पाहतील आणि हसतील. त्यांना हसण्यासाठी वेगळे काही सांगावे लागणार नाही. मग आवाज उतरवावा, कारण खाली पडलेल्या मुलाला लोकांनी उचलले तेव्हा तो मेलेला होता. पौल खाली उतरला, त्याने त्याला कवटाळले आणि घाबरू नका, याच्यात प्राण आहे असे सांगितले. येथे या गोष्टीचे खरे दान आहे. पौलाने झोपलेल्या मुलाला बोल लावला नाही, त्याच्या आईबापाला शोधले नाही, तरुण पिढीविषयी चार शब्द सुनावले नाहीत. तो जिना उतरून त्याच्यापाशी गेला. मुलाला जिवंत घरी नेले तेव्हा लोकांना फार मोठे समाधान मिळाले, असे या पुस्तकाचा लेखक लूक लिहितो. ज्या मंडळीला आता हसू आले होते तिलाच पुढच्या मिनिटाला हा धीर पोहोचतो, आणि तो अधिक खोल पोहोचतो, कारण हसताना प्रत्येकाने स्वतःला युतुखाच्या जागी पाहिलेले असते.

डोंगरावरील प्रवचनातील कुसळ आणि मुसळ यांचेही तसेच करावे. डोळ्यात मुसळ घेतलेला माणूस दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ काढायला निघाला आहे, तर तो दारातून आत कसा येईल, शेजाऱ्याच्या जवळ जाताना काय काय पाडेल, शेजारी किती मागे सरकेल, हे दोन वाक्यांत दाखवावे. प्रभू येशूच्या समोर बसलेल्या गावकऱ्यांना हे चित्र ऐकून हसू आले नसेल, असे मला वाटत नाही. तुरुंगातून सुटून दाराशी आलेल्या पेत्राचा आवाज ओळखून आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळालेली दासी, डास गाळून उंट गिळणारे परूशी, आपल्या गाढवीशी वाद घालणारा बलाम, म्हातारपणी मूल होणार हे ऐकून तंबूच्या दाराआड हसणारी सारा, हे प्रसंगही तयारीच्या वहीत टिपून ठेवण्यासारखे आहेत.

विनोद झाल्यावर तो समजावून सांगू नये. लोक हसले नाहीत तर पुढच्या वाक्याकडे शांतपणे वळावे. एका उपदेशात असे एक-दोन प्रसंग पुरतात. लांबीविषयी पोप फ्रान्सिस यांनी १२ जून २०२४ रोजी सांगितले होते की प्रवचन आठ मिनिटांपेक्षा जास्त नसावे, कारण त्यानंतर लक्ष उडते आणि लोक झोपी जातात. आपल्या अनेक मराठी मंडळ्यांत अर्ध्या तासाचा संदेश सवयीचा आहे आणि तो आठ मिनिटांवर आणावा असे मी म्हणणार नाही. पण लक्ष नेमके केव्हा उडते हे ओळखून हलका प्रसंग तेथे ठेवावा, सुरुवातीलाच तो खर्च करू नये.

कोणाला हसायचे नाही

येथे पथ्य कडक ठेवावे. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल अचकटविचकट बोलण्याविषयी बजावतो, आणि नीतिसूत्रांच्या सव्विसाव्या अध्यायात शेजाऱ्याला फसवून वर मी थट्टा केली असे म्हणणाऱ्याची तुलना जळते बाण फेकणाऱ्या वेड्याशी केली आहे. इतिहासातही याचा दाखला आहे. जर्मन भाषिक प्रदेशात ईस्टरच्या उपदेशात लोकांना हसवण्याची प्रथा होती. पुनरुत्थानाचा आनंद हे तिचे कारण चांगलेच होते, पण धर्मगुरू हशासाठी इतके खाली उतरू लागले की पुढे बाझल येथे धर्मसुधारक म्हणून नावाजलेल्या ओइकोलांपाडियुस यांनी १५१८ मध्ये त्या प्रथेविरुद्ध लिहिले.

आपल्या मंडळीत सासू-सुना, काळा-गोरा रंग, जाडी, बोली, जात, मूल नसणे, लग्न न होणे, दुसऱ्या पंथाची उपासनापद्धत, यांपैकी कशावरही हशा मागू नये. समोरचा हसला तरी त्याला लागलेले असते आणि पाळकासमोर रागावता येत नाही म्हणून तो हसतो. उशिरा येणाऱ्यांवरचा शेराही टाळावा. दुसरे गीत चालू असताना आत येणारी बाई कदाचित रात्रपाळी करून थेट इस्पितळातून आलेली परिचारिका असते; व्यासपीठावरून "काही जणांचे घड्याळ अजून विलायतेच्या वेळेवर चालते" असे म्हटले तर बाकीचे हसतील आणि ती पुढच्या रविवारी घरी झोपेल. त्याऐवजी "आत या, पुढे जागा राखून ठेवली आहे, उपदेश अजून व्हायचा आहे, तुमचे काही चुकलेले नाही" इतके म्हटले तर मंडळीही हसते आणि तीही हसत पुढे येऊन बसते.

थट्टा करायचीच तर बोलणाऱ्याने ती स्वतःची करावी. सोळाव्या शतकात रोममध्ये सेवा केलेले संत फिलिप नेरी यांच्याविषयी असे सांगतात की लोक आपल्याला फार पवित्र मानू लागले आहेत हे पाहून ते अर्धीच दाढी काढून बाहेर पडत. इतके करण्याची गरज नाही. आपल्याला सुराचे अंग नाही हे मंडळीला ठाऊक असेल तर गायनवर्गाचे आभार मानताना ते मोकळेपणी कबूल करावे.

उपासनेबाहेरच्या जागा

विनोद सर्वांत मोकळेपणी फुलतो तो हंगामाच्या सणाच्या लिलावात, आणि त्या दिवशी पाळकाने हात आखडता घेऊ नये. कोणी शेतातला दुधी आणलेला असतो, कोणी अंडी, कोणी घरचा गूळ, कोणी पाय बांधलेली कोंबडी. बोली चढू लागली की दुधीचे गुणगान करावे, कोंबडीने उपासनेत मध्येच दिलेल्या साथीबद्दल तिचे आभार मानावेत, आणि घेणाऱ्याने तोच दुधी पुन्हा अर्पण केला तर तो आता पहिल्यापेक्षा अधिक पिकला आहे असे जाहीर करावे. येथे लक्ष एकाच गोष्टीवर ठेवायचे असते: ज्याच्या खिशात बोलीइतके पैसे नाहीत त्यालाही या हशात जागा मिळाली पाहिजे. दहा रुपयांची बोली लावणाऱ्या लहान मुलाला एक लिंबू देऊन टाळ्या मिळवून द्याव्यात. बोली थांबवणाऱ्याला मात्र नाव घेऊन डिवचू नये.

दुःखाच्या घरी नियम वेगळा आहे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र पुढे बोलून चुकले, पण पहिले सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ काही न बोलता जमिनीवर बसून राहिले, आणि त्यांचे तेवढे वागणे अनुकरणीय आहे. खिन्न माणसापुढे गाणी गाणे बोचते, असे नीतिसूत्रांतही आहे. अशा घरी हसण्याची सुरुवात घरच्यांनीच करावी. सांत्वनाच्या प्रार्थनेनंतर चहा घेताना मुलगा सांगू लागतो की बाबा छत्री प्रत्येक बसमध्ये विसरत आणि दर पावसाळ्यात कंडक्टरला दोष देत, तेव्हा खोलीतले सगळे हसतात आणि हसता हसता रडतात. त्या वेळी पाळकाने मनापासून हसावे, आणि आपल्याला आठवणारी एखादी गोष्ट असेल तर ती तेथे सांगावी.

धीर नेमका असावा

"प्रभू सर्व चांगले करील" हे वाक्य खरे आहे, पण ते कोणालाही, केव्हाही सांगता येते, म्हणून ऐकणाऱ्याला ते आपल्यासाठी आहे असे वाटत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबाने काय केले ते पाहावे. यरुशलेमेतील शिष्य शौलाला, म्हणजे पुढच्या पौलाला, भीत होते तेव्हा बर्णबाने त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेले आणि त्याच्या बाजूने प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टी सांगितल्या. पुढे पौल मार्काला बरोबर घ्यायला तयार नव्हता तेव्हा बर्णबाने मार्काला घेऊन वेगळी वाट धरली. थकून रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खायला दिले. उपवासाचा उपदेश त्या वेळी केला नाही. दमलेल्या कुटुंबाच्या घरी जाताना डबा घेऊन जावे, ही सूचना मला याच प्रसंगातून मिळालेली सर्वांत उपयोगी सूचना वाटते.

बोलण्यात नेमकेपणा कसा आणावा, याचा एक नमुना देतो. गुडघे धरलेल्या आजी म्हणतात, "पाळकसाहेब, मी आता मंडळीच्या काय कामाची?" यावर "असे म्हणू नका आजी" म्हणून विषय मिटवू नये. "आजी, १२१ वे स्तोत्र तुम्ही पुस्तक न उघडता म्हणता. आपल्या तरुण संघातल्या मुलांना मोबाइल उघडल्याशिवाय पहिली ओळही आठवत नाही. शनिवारी संध्याकाळी दोघातिघांना तुमच्याकडे पाठवू का?" असे विचारावे. आजी बहुधा म्हणतील, "पाठवा, पण चहाचं सामान त्यांनाच आणायला सांगा." येथे थट्टा आहे, मागणी आहे आणि काम खरोखरच आहे, आणि शनिवारी मुले गेली नाहीत तर ही सारी भेट वाया जाईल, म्हणून मुलांना आठवण करण्याची जबाबदारी पाळकाने स्वतःकडे ठेवावी.

मंडळीच्या व्हॉट्सअॅप समूहावर रोज सकाळी फुलांच्या चित्रासह वचन टाकले जाते, ते चालू राहू द्यावे. पण त्याच वेळात एका माणसाला स्वतंत्रपणे दोन ओळी लिहाव्यात: "आज तुमच्या मुलाची मुलाखत आहे ना? सकाळच्या प्रार्थनेत त्याचे नाव घेतले. झाल्यावर कळवा, पेढे नसले तरी चहाला येतोच." रागाच्या, आजाराच्या किंवा पैशाच्या गोष्टी समूहावर काढू नयेत आणि त्यांवर हसरे चिन्हही टाकू नये, त्यासाठी फोन करावा किंवा जाऊन भेटावे.

या सगळ्यासाठी एक लहान वही खिशात असावी. उपासना संपल्यावर दाराशी हात मिळवताना लोक घाईत एखादे वाक्य बोलून जातात: मंगळवारी तपासणी आहे, भाऊ दारू सोडतो म्हणतो, धाकटीला नाशिकला प्रवेश मिळाला. शेवटचे कुटुंब फाटकाबाहेर पडले की ही वाक्ये नावानिशी त्या वहीत उतरवावीत, तपासणीसमोर मंगळवार लिहावा आणि त्या संध्याकाळी फोन करावा.