गॅली प्रूफ प्रेस: रंगाच्या आधी माप

माझा धंदा लेथवरचा. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग करतो. छापखान्याच्या मशीनचं खूळ त्यातूनच लागलं, कारण बुश (फिरत्या दांड्याभोवतीची धातूची नळी) मागाचा झिजो नाहीतर प्रेसचा, माणूस शेवटी लेथवाल्याकडेच येतो. हल्ली तरुण पोरं जुनी प्रूफ प्रेस उचलून आणतात आणि आधी विचारतात, "काका, रंग कुठला मारायचा?" रंगाचं नंतर बघू. आधी माप.

ही प्रेस कशासाठी होती ते ठाऊक असेल तर माप का हे आपोआप कळतं. कंपोझिटरने खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवले की मजकूर गॅलीत (कडा असलेल्या पत्र्याच्या लांबट तबकात) सरकवायचा, सुतळीने बांधायचा, शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि वरून जड रूळ ढकलायचा. निघालेला कागद म्हणजे प्रूफ; तो चुका शोधायला मुद्रितशोधकाच्या टेबलावर. त्याआधीच्या काळात खिळ्यांवर ओला कागद ठेवून ब्रशने ठोकून प्रूफ काढत. शिकागोत रॉबर्ट व्हँडरकुक यांनी १९०९ साली प्रूफ प्रेसचा कारखाना काढला. पुढे त्यांच्या सिलिंडर मशीनवरचं प्रूफ इतकं काटेकोर येऊ लागलं की त्याचाच फोटो घेऊन ऑफसेटची प्लेट करत. आपल्या पेठांतल्या छापखान्यांत मात्र साधी गॅली प्रेसच असायची: बिडाचा (ओतीव लोखंडाचा) पाट, दोन्ही कडांना पट्ट्या, त्यावर धावणारा फेल्ट गुंडाळलेला रूळ. डीटीपी, म्हणजे संगणकावरची जुळणी, आल्यावर ट्रेडलने (पायाने चालवायच्या छोट्या छपाई मशीनने) पावत्यांवर नंबर टाकणं आणि फाडायच्या रेघेची भोकं पाडणं यावर तग धरला. प्रूफ प्रेसला तेवढंही काम उरलं नाही, ती किलोच्या भावात गेली.

भंगारवाल्याकडून आणताना रूळ आधी वेगळा काढा. बीड ठिसूळ असतं. टेंपोतून उतरवताना एक कोपरा आपटला तरी तडा जातो, आणि गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याच्या साध्या रॉडने तो तडा शेजारी आणखी वाढतो. बिडाला निकेलचा रॉड लागतो किंवा पितळेचं ब्रेझिंग.

आता माप. इंग्रजी पद्धतीच्या खिळ्याची उंची ०.९१८ इंच, आमच्या भाषेत ९१८ थाऊ, म्हणजे साधारण २३.३ मिलिमीटर. गॅलीच्या तळाचा पत्रा बहुधा ५० थाऊच्या आसपास. गॅली प्रेसचा पाट या पत्र्याची जाडी धरूनच खोल ठेवलेला असतो. म्हणून गॅली न ठेवता खिळे थेट पाटावर मांडले तर प्रूफ पुसट येतं, आणि लोक रूळ खराब म्हणून फेल्टचे थर चढवत बसतात. खाली गॅलीच्याच जाडीचा सपाट पत्रा सरकवा, काम झालं.

पाट सगळीकडे सारखा आहे का, हे बघायला महागडं साधन नको. न वापरलेला, धड खिळा घ्या. झिजलेल्या खिळ्याने सगळी तपासणी वाया जाते. तो गॅलीसकट एका कोपऱ्यात उभा करा, वर कागदाची बोटभर पट्टी ठेवा, रूळ अलगद पट्टीवर आणून थांबवा आणि पट्टी ओढा. हाताला जी ओढ लागते ती लक्षात ठेवा. मग उरलेले तीन कोपरे आणि मध्य. एका बाजूला पट्टी सुळकन निघाली आणि दुसरीकडे फाटली, तर बहुतेक वेळा दोष पाटाचा नसून रुळाच्या एका टोकाच्या बुशचा असतो. गनमेटलचा नवा बुश यंत्रमागाचं काम करणारा कुठलाही लेथवाला करून देईल. जुना बुश टाकू नका, नव्याला नमुना तोच. झेरॉक्सचा साधा कागद चार थाऊच्या आसपास असतो. पॅकिंग, म्हणजे दाब जुळवायला घातलेले कागद, एका कागदाने कमीजास्त केलं तरी अक्षरात फरक दिसतो. यावरून समजा, पाटावर ग्राइंडर का चालवायचा नाही. गंज काढायचाय, लोखंड नाही.

गंजावर रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनचं फडकं रात्रभर, वर प्लॅस्टिक. सकाळी पितळेच्या पट्टीने खरवडा, मग सगळ्यात बारीक स्टील वूल. काळे डाग राहिले तर राहू द्या, ते छापत नाहीत. अॅसिडचं रस्ट रिमूव्हर पाटाला लावू नका. बनावटीचं नाव, ठोकलेले क्रमांक, मूळ रंगाचे पापुद्रे हे त्या मशीनचे कागदपत्र. त्यांचे फोटो काढून ठेवा आणि स्प्रे पेंटवाल्याला लांब ठेवा. मग पातळ मशीन ऑइल, हाताला जेमतेम ओलसर लागेल इतकंच. सोलापुरात मागांचा भुरा हवेत असतो. जास्त तेलावर तो चिकटतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि खाली पुन्हा गंज. झाकायला मेणकागद, त्यावर कापड. चादर नको! आपली चादर अंथरुणावर शोभते, मशीनवर ती ओल शोषते.

शाईचा हातरूळ सरसाचा असेल तर एप्रिल-मेमध्ये तो वितळून बसका होतो. चाळिसाच्या वर पारा गेला की काही खरं नाही. रबराचाच घ्या, आणि खुंटीवर टांगा, कारण टेकवून ठेवला की चपटा होतो.

जुन्या खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर फुंकर मारू नका. शिशाचं विष आहे ते. मास्क, हातमोजे, ओलं फडकं; हात धुतल्याशिवाय चहाही नाही, पोरांना जवळ फिरकू देऊ नका.

पहिलं प्रूफ काढायला देवनागरीची कसोटीची ओळ जुळवा: रफार, अनुस्वार, वेलांट्या, उकार भरपूर असलेली. नाजूक टोकं आधी तुटतात किंवा शाईने बुजतात. अनुस्वार नुसते ठिपके न राहता डबकी झाले तर शाई जास्त. वेलांटी एकाच बाजूला अर्धवट उठली तर परत पट्टीची तपासणी.

पुढे महिन्यातून एकदा हीच ओळ छापा. मागे पेन्सिलीने तारीख, पॅकिंगचे कागद किती आणि शाई कुठली ते लिहून फाइलला लावा. दोन वर्षांपूर्वीचं आणि आजचं प्रूफ खिडकीच्या काचेवर एकावर एक धरलं की कोणत्या टोकाचा बुश आता काढायला हवा ते कळतं. मला फोन करण्याआधी एवढं बघून घ्या.