'द वायर' बघून चर्चमधल्या संदेशाची तयारी करताय? मग या चुका टाळा

क्राइम सिरीयलमधून मंडळीच्या सेवेसाठी काही शिकता येतं हे आता बऱ्याच जणांना पटलंय, घोळ पुढे होतो, म्हणजे शिकायचं काय हे ठरवताना. 'द वायर' घ्या, एचबीओवर 2002 ते 2008 चाललेली, 5 सीझन, 60 एपिसोड, बाल्टिमोरचे ड्रग्ज, पोलीस, बंदर, शाळा, पेपरवाले. ती बनवणारा डेव्हिड सायमन आधी क्राइम रिपोर्टर होता आणि त्याचा जोडीदार एड बर्न्स आधी पोलिसात, मग शाळेत शिक्षक, त्यामुळे माल अस्सल आहे.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे डिटेक्टिव्हला पाळक करून टाकणं. मॅकनल्टी हुशार, चिवट, साहेबांना न जुमानणारा, म्हणून लगेच बायबलमधलं लूक 15 काढायचं आणि हरवलेल्या मेंढराचा मेंढपाळ म्हणून मोकळं व्हायचं. अहो, पाचव्या सीझनमध्ये हाच माणूस तपासाला पैसे मिळावेत म्हणून खोटा सीरियल किलर उभा करतो, मृतदेहांशी छेडछाड करतो! तेव्हा त्याच्याकडून शिकायचंच असेल तर हे शिका की काम चांगलं आहे म्हणून देणगीदारांना पाठवायच्या रिपोर्टमध्ये थोडं फुगवून लिहिलं तर काय बिघडलं, असं वाटायला लागतं तेव्हा माणूस कुठपर्यंत जातो.

आकड्यांवर तर सगळेच बोलतात पण अर्धवट. सिरीयलमध्ये मीटिंगला साहेब अधिकाऱ्यांना गुन्ह्यांच्या आकड्यांवरून सोलून काढतात, मग खाली गंभीर गुन्हे हलके करून नोंदवले जातात, आणि चौथ्या सीझनमध्ये पोलिसातून शिक्षक झालेला प्रेझ बघतो तर शाळेतही परीक्षेच्या मार्कांसाठी तेच चाललंय. इथे लोक 2 शमुवेल 24 काढतात, दावीद राजाने शिरगणती केली आणि शिक्षा झाली, म्हणून मोजणंच पाप. मग प्रेषितांची कृत्ये 2 मध्ये मंडळीत आलेल्यांचा आकडा सुमारे तीन हजार लिहिलाय त्याचं काय करणार? मोजा की, पण गेल्या वर्षी ज्यांचा बाप्तिस्मा झाला ते आज कुठे आहेत, त्यांच्या घरी कोण जातं, हे सांगता येत नसेल तर तो आकडा त्या पोलीस मीटिंगमधलाच समजा.

बबल्सच्या बाबतीत घाई होते, आणि ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते. व्यसनी माणूस, सुधारला, साक्ष दिली, हालेलुया, संपलं. पण मुळात काय दाखवलंय ते नीट बघा. त्याला त्रास देणाऱ्या माणसासाठी त्याने विषारी डोस तयार केलेला असतो आणि तो घेऊन मरतो त्याच्याच आधाराने राहणारा पोरगा, शेरॉड. नंतर बबल्स बहिणीच्या तळघरात राहतो आणि वरच्या घराचं दार बहीण कुलूप लावून ठेवते, तीही चुकीची नाही बरं का, तिने बरंच सोसलेलं असणार. नशामुक्तीच्या सभेत वॉलन, स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला माणूस, त्याच्या पाठीशी उभा असतो तरी शेरॉडबद्दल बोलायला त्याला खूप वेळ लागतो. त्यामुळे नशा सोडलेल्या माणसाला दोन-तीन आठवड्यांत स्टेजवर चढवायची सवय असेल तर आधी ती थांबवा, त्याच्यासोबत बसायला वॉलनसारखा एक माणूस शोधा, आणि घरच्यांनी अजून माफ केलं नसेल तर त्यांना क्षमेवर उपदेश देऊ नका.

क्लिप दाखवायची असेल तर शिव्या आणि हिंसा आधीच तपासा, मुलं बसलेली असतात. कथाही लांबवू नका, नाथान संदेष्ट्याने दाविदाला सांगितलेली गोष्ट चार वचनांत संपते.

आणि कटीला गाळू नका. 14 वर्षं तुरुंगात काढून आलेला, पोरांसाठी बॉक्सिंगची जिम काढायचीय, पैसे नाहीत, मग ड्रग्जवाल्या एव्हनकडे 10 हजार डॉलर मागतो आणि तो 15 हजार देतो. हा सीन संदेशात वापरू नका, मंडळीच्या कमिटीत चर्चेला ठेवा, कटीने पैसे घ्यायला हवे होते का, आणि कोणी फटकन 'नाही' म्हणालं तर विचारा की आपल्याकडे मागची मोठी देणगी आली ती कुठून आली हे कोणी विचारलं होतं का.