रोझेटा शिळेवरचं राजाचं नाव स्वतः वाचायचं तर

रोझेटा शिळेची हकीकत बहुतेकांना ठाऊक असते. जुलै १७९९, नाईलच्या मुखाजवळचं रशीद, तिथल्या किल्ल्याच्या कामात फ्रेंच सैनिकांना सापडलेला दगड. १८०१मध्ये फ्रेंचांची शरणागती आणि १८०२पासून ब्रिटिश म्युझियम. पण तो दगड इतका मोलाचा का, हे कळायला पेन्सिल घेऊन एक नाव उलगडूनच बघावं लागतं.

ब्रिटिश म्युझियमने शिळेचं त्रिमितीय मॉडेल ऑनलाइन खुलं केलं आहे, ते घ्या. गिरवायचं असेल तर १९९९च्या सफाईआधीचे फोटो जास्त सोयीचे, कारण तेव्हा अक्षरांत पांढरा रंग भरलेला होता. सफाईनंतर दगडाचा मूळ करडा रंग दिसू लागला. तो बेसॉल्ट नव्हे, ग्रॅनोडायोराइट आहे.

वर प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीच्या १४ ओळी, मध्ये डेमॉटिकच्या, म्हणजे इजिप्तच्याच रोजच्या जलद लिपीच्या ३२, खाली ग्रीकच्या ५४. मजकूर एकच: इ.स.पू. १९६मध्ये इजिप्तचा राजा पाचवा टॉलेमी याच्या सन्मानार्थ पुरोहितांनी काढलेला ठराव. इथे नवखे हमखास फसतात. ते चित्रलिपीची पहिली ओळ ग्रीकच्या पहिल्या ओळीशी जुळवायला जातात. शिळेचा वरचा भाग तुटून गेला आहे, त्यामुळे उरलेल्या १४ ओळी ठरावाच्या उत्तरार्धातल्या आहेत. शिवाय त्या उजवीकडून डावीकडे वाचायच्या, आणि उजवी कडाही फुटलेली. म्हणजे ओळींची सुरुवातच गायब. तेव्हा ओळी जुळवत बसू नका, नावं जुळवा.

राजाचं नाव कार्टूशमध्ये, म्हणजे लांबट वेटोळ्यात असतं. वाचायची दिशा चित्रांवरून ठरते: प्राणी ज्या बाजूला तोंड करून आहेत, तिकडून सुरुवात. एकाखाली एक खुणा असतील तर आधी वरची. आता क्रमाने उतरवा: चौकोन प, अर्धगोल पाव ट, दोराचा फास ओ, बसलेला सिंह ल, पुढची आडवी खूण म, बोरूची दोन पाती ई, घडी घातलेलं कापड स. झालं ‘पटोलमीस’, म्हणजेच ग्रीकमधलं प्टोलेमाइओस. लांब कार्टूशमध्ये स नंतरही खुणा दिसतील. ते नाव नाही, ‘चिरंजीव, प्ताहचा लाडका’ ही उपाधी आहे. ती नावात ओढलीत तर सगळा हिशेब चुकतो.

इंग्रज विद्वान थॉमस यंगने १८१९पर्यंत यातल्या बऱ्याच खुणा ओळखल्या होत्या. पण फास त्याला अनावश्यक वाटला, आणि सिंहाला त्याने ‘ओले’ असा जोडउच्चार दिला. एकाच नावावर भिस्त ठेवली की असं होतं, ताळा करायला काही उरत नाही.

तो ताळा इजिप्तमधल्या फिले बेटावरच्या ओबेलिस्कवर, म्हणजे उंच निमुळत्या दगडी स्तंभावर मिळतो. तिथल्या क्लिओपात्राच्या कार्टूशमध्ये खुणांना १ ते ९ आकडे घाला: उतार, सिंह, बोरू, फास, चौकोन, गिधाड, हात, तोंड, गिधाड. सिंह दुसरा, फास चौथा, चौकोन पाचवा. ल, ओ, प बरोबर जागच्या जागी! ट मात्र अडतो, कारण सातव्या जागी पावाऐवजी हात आहे. इथे धीर सोडू नका: एकाच ध्वनीला दोन खुणा चालतात, हे चित्रलिपी उलगडणारा फ्रेंच विद्वान शाम्पोलियाँ याने मान्य केलं म्हणून गाडी पुढे सरकली. शेवटी उरलेला पाव आणि अंडं हे स्त्रीच्या नावाचं चिन्ह, ते वाचायचं नाही.

ग्रीक नावं अशी सुटली तरी खरी परीक्षा इजिप्शियन नावाची. १८२२च्या सप्टेंबरमध्ये शाम्पोलियाँपुढे एक कार्टूश आलं: सूर्याची तबकडी, एक तिपेडी खूण आणि दोन स. कॉप्टिकमध्ये, म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या रूपात, सूर्य म्हणजे ‘रे’. तिपेडी खूण रोझेटा शिळेवर, ग्रीकमध्ये जिथे जन्मदिवसाचा उल्लेख आहे तिथे येते, आणि कॉप्टिकमध्ये जन्म देणं म्हणजे ‘मिसे’. रे-मेस-स-स: रामसेस. इथे सूर्य अख्खा शब्द आहे आणि स नुसता ध्वनी. दोन्ही प्रकार एकाच वेटोळ्यात नांदतात. म्हणून पुढचं कार्टूश हाती घ्याल तेव्हा प्रत्येक खुणेला एकेक अक्षर चिकटवत जाऊ नका. आधी सूर्य, बगळ्यासारखा आयबिस अशा देवांच्या खुणा बाजूला काढा आणि मग उरलेले ध्वनी जुळवा.