पीएमपीचा अभ्यास, कुपवाड एमआयडीसीतली नोकरी सांभाळून

पीएमपी म्हणजे पीएमआय या अमेरिकन संस्थेचं प्रोजेक्ट मॅनेजरचं सर्टिफिकेट. त्यात सगळ्यात आधी पुस्तक नाही, अर्ज. मी अर्ज केला तेव्हा बीईसारखी चार वर्षांची डिग्री असेल तर मागच्या 8 वर्षांतला 36 महिन्यांचा प्रोजेक्ट सांभाळल्याचा अनुभव दाखवावा लागायचा, डिप्लोमावाल्यांना 60 महिने, शिवाय दोघांनाही 35 तासांचं ट्रेनिंग. आपल्याकडं लोकं हे शेवटाला ठेवतात आणि मग अर्ज नेमका ऑडिटला (पुराव्यांच्या तपासणीला) निघाला की जुन्या साहेबाची सही हुडकत फिरतात, आणि साहेब तोवर दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. म्हणून तारखा लिहून काढा आणि त्याला आधीच एक फोन करून ठेवा.

मग पीएमआयच्या साइटवरून परीक्षेची आउटलाइन, म्हणजे कुठल्या भागावर किती प्रश्न ते, उतरवा, फुकट आहे. 2021 पासूनच्या आउटलाइनला पीपल (माणसं सांभाळणं) 42 टक्के, प्रोसेस (कामाची पद्धत) 50 आणि बिझनेस एन्व्हायर्नमेंट (धंद्याची बाजू) 8 होतं, पण ही बदलत असते, तुमच्या तारखेला कुठली लागू आहे ते बघूनच क्लास किंवा मॉक (सराव परीक्षा) विकत घ्या.

माझा पहिला मॉक 180 पैकी 97. फॉर्म्युले तोंडपाठ होते तरी. घोळ असा की मी उत्तरं शॉपफ्लोअरवरनं देत होतो, व्हेंडरचा माल लेट झाला की साहेबांना फोन लाव, टीममधली दोघं भांडली की एकाला दुसऱ्या लाइनला टाक. पेपरातला मॅनेजर तसं करत नाही ओ. तो आधी झालंय काय ते बघतो, ज्याचा विषय आहे त्याच्याशी स्वतः बोलतो, आणि स्पॉन्सरकडं (प्रोजेक्टला पैसा आणि मंजुरी देणाऱ्याकडं) जातो ते प्रकरण त्याच्या अधिकाराबाहेर गेल्यावरच. कस्टमरनं जादा काम सांगितलं तर लगेच हो पण नाही आणि नाही पण नाही, आधी परिणाम काढायचा, मग चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा रीतसर अर्ज. अजाइलमध्ये (छोट्या छोट्या टप्प्यांत काम करायच्या पद्धतीत) तेच काम बॅकलॉगला, म्हणजे बाकी कामांच्या यादीला, जातं आणि आधी काय घ्यायचं ते प्रॉडक्ट ओनर ठरवतो. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत मराठीत एका ओळीत लिहायचा, का चुकला एवढंच. माझ्या वहीत निम्म्या ओळी "घाई केली" अशाच होत्या.

रिस्क आणि इश्यूत माझा कायम गोंधळ व्हायचा, तो सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलानं सोडवला. हळदीचं गोडाऊन नदीकडेला आहे, पावसाळ्यात पाणी येऊ शकतं, ही रिस्क. पुलापाशी 40 फूट म्हणजे इशारा पातळी, पण आपण ठरवलं की 35 ला पोती हलवायची, तर ते 35 म्हणजे ट्रिगर. पाणी गोडाऊनात शिरलं की इश्यू, आता रजिस्टर (रिस्कची यादी) बघत बसायचं नाही.

अर्न्ड व्हॅल्यूला, म्हणजे झालेलं काम पैशात मोजायला, घाबरू नका. 24 लाखांचं शेड, आजपर्यंत आठ आणे काम व्हायला पाहिजे होतं म्हणजे 12 लाखांचं, झालंय चार आणे म्हणजे 6 लाखांचं, आणि खर्च 8 लाख. सीपीआय म्हणजे झालेलं काम भागिले खर्च, 6 भागिले 8, 0.75. एसपीआय म्हणजे झालेलं काम भागिले व्हायला पाहिजे होतं ते काम, 6 भागिले 12, 0.5. असंच चाललं तर 24 भागिले 0.75, शेड 32 लाखांला पडणार. एवढं कळलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

परीक्षा घरून देता येते, पण खोलीत दुसरं कुणी आलेलं चालत नाही आणि आमच्या घरी दार लावलं की आई हमखास चहा घेऊन येते, वर लाइटचा भरवसा नाही, म्हणून मी आदल्या दिवशी पुण्याला जाऊन सेंटरवर दिली. मी दिली तेव्हा 180 प्रश्न, 230 मिनिटं होती. त्या हिशोबानं 60 झाले तेव्हा 153 च्या आसपास मिनिटं शिल्लक पाहिजेत, 120 ला 76. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळं कोरं काही सोडू नका, आणि ब्रेक घेतला की मागच्या प्रश्नांकडं परत जाता येत नाही हे ध्यानात ठेवा. 10 मिनिटांचे दोन ब्रेक मिळतात. पहिला मी शहाणपणा करून सोडला, तर नव्वदाव्या प्रश्नाला एकच ओळ तीनदा वाचत होतो. दुसऱ्याला गपगुमान बाहेर आलो, तोंड धुतलं, केळं खाल्लं.