फाटक पडलंय तर थांबा ना भाऊ! रेल्वे फाटकावरच्या या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात काटोलकडे जाताना एका फाटकावर उभा होतो. बाजूने एक जण बाईकवर आला, मागे बायको आणि तिच्या मांडीवर लेकरू. त्याने बायकोला उतरवलं, गाडी तिरपी केली आणि दांड्याखालून घुसवली, बायको लेकराला घेऊन वाकून त्याच्या मागे. रूळ ओले होते, चाक घसरलं, गाडी आडवी पडली. कशीबशी उचलून ते पलीकडे गेले तोवर इंजिनाचा भोंगा वाजायला लागला होता. वाचले ते, पण माझे हातपाय किती तरी वेळ थरथरत होते.

दांड्याखालून जाणारा प्रत्येक माणूस एकच सांगतो, गाडी कुठे दिसतेय अजून. ताशी 110 ने येणारी गाडी एका सेकंदात 30 मीटर कापते, म्हणजे तुम्ही बाईक वाकवून, ढकलून, परत वाकवून काढेपर्यंत 20 सेकंद गेले तर ती 600 मीटर जवळ आली. आणि एवढी मोठी वस्तू समोरून येताना नेहमीच संथ वाटते, त्यामुळे डोळ्यांचा अंदाज इथे हमखास चुकतो. ड्रायव्हरने तुम्हाला पाहून ब्रेक मारला तरी फुल स्पीडची गाडी थांबायला साधारण एक किलोमीटर लागतो. आपल्या नागपूरकडे इतवारी-नागभीडची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची छोटी रेल्वे, किती तरी वर्षं हळूहळू चालायची, जुन्या लोकांच्या डोक्यात रेल्वेचा तोच स्पीड बसलाय असं मला वाटतं. आता तसं नाही राहिलं.

एक गाडी गेली तरी फाटक उघडत नाही म्हणून गेटमनला शिव्या देऊ नका. इंटरलॉकिंगच्या, म्हणजे सिग्नलला जोडलेल्या फाटकावर रेल्वेचा सिग्नल लाल झाल्याशिवाय त्याच्या हाताने दांडा वर होतच नाही. डबल लाइनवर पहिल्या गाडीच्या शेवटच्या डब्याआड दुसऱ्या बाजूची गाडी लपलेली असते, म्हणून फाटक उघडल्यावरही दोन्हीकडे मान वळवून बघा मगच गाडी काढा. आणि बंद फाटक स्वतः उघडलं तर रेल्वे कायद्यात 3 वर्षांपर्यंत कैद आहे, तोडलं तर 5 पर्यंत.

पण आपल्याकडे रोजची चूक वेगळीच आहे, राँग साइडने पुढे घुसून उभं राहायचं. नागपुरात मनीषनगरला उड्डाणपूल नव्हता तेव्हा ज्यांनी तिथे संध्याकाळ काढली त्यांना माहीत आहे. दोन्हीकडची लोकं पूर्ण रस्ता अडवून समोरासमोर उभी, फाटक उघडलं की कोणालाच जागा नाही आणि मधल्या गाड्या रुळावर अडकतात. नियम एकच धरा, पलीकडे आपल्या पूर्ण गाडीला जागा दिसल्याशिवाय रुळावर चाक टाकायचं नाही, मागचा कितीही हॉर्न वाजवू दे.

कार फर्स्ट गिअरमध्येच पार करा, रुळावर गिअर बदलायला गेलं की बंद पडते. बाईक रुळाला काटकोनात न्या, तिरपी नेली तर चाक रुळाशेजारच्या फटीत जातं. काच खाली, गाणी बंद, कानात काही नको. 2018 मध्ये कुशीनगरला स्कूल व्हॅनला रेल्वेने उडवलं, 13 लेकरं गेली, ड्रायव्हरच्या कानात इअरफोन होते असं तेव्हा सांगितलं गेलं. ब्रॉडगेजवरची, म्हणजे रुंद रुळांच्या मार्गावरची, बिनमाणसांची फाटकं जानेवारी 2019 पर्यंत संपवली हे खरं, पण 8 जुलै 2025 ला तमिळनाडूत कडलूरजवळ माणूस असलेल्या फाटकावरच स्कूल व्हॅन रेल्वेच्या धडकेत सापडली आणि 3 मुलं गेली, तिथे इंटरलॉकिंग नव्हतं. म्हणून फाटक उघडं दिसलं तरी कानोसा घ्याच.

कापसाचे, कडब्याचे ट्रॅक्टरवाले, तुमच्यासाठी एवढंच की ढिगावर माणूस बसवून फाटक ओलांडू नका, वर 25,000 व्होल्टची तार आहे, हात लागायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी ओढते.

आता मधेच दांडा खाली आला तर घाबरून रिव्हर्स घेऊ नका, पुढे जा. बोनेट दांड्याला टेकलं तरी चालेल, मागची बाजू रुळाबाहेर पाहिजे.

आणि गाडी रुळावर बंदच पडली तर आधी सगळ्यांना खाली उतरवा, सामान राहू द्या. कोणी तरी धावत गेटमनकडे जा, त्याच्याकडे स्टेशनला लावायचा फोन असतो, लाल झेंडी असते, रेल्वे थांबवायला रुळावर लावायचे फटाके असतात. गेटमन सापडत नसेल तर रेल्वेचा हेल्पलाइन नंबर 139 लावा आणि फाटकाचा नंबर सांगा, तो गेटच्या खोलीवर लिहिलेला असतो. रेल्वे समोर दिसायलाच लागली तर कार सोडून द्या आणि रेल्वे ज्या बाजूने येतेय त्याच बाजूला, रुळापासून तिरकं लांब पळा, कारण धडक बसली की पत्रा आणि काचा रेल्वेच्या पुढच्या दिशेने उडतात.