दहावीचं गणित: रीत बरोबर, उत्तर चूक! या चुका टाळा

गणिताचे पेपर दोन, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती. उत्तर चुकलं की घरोघरी निदान एकच: 'लक्ष नाही याचं!' पण लक्ष कुठल्या ओळीत सुटलं ते कळलं नाही, तर पुढच्या पेपरातही तिथंच सुटणार. गंमत म्हणजे ती ओळ बऱ्याचदा चुकलेलं उत्तरच सांगतं.

२क्ष² − ७क्ष + ३ = ० हे वर्गसमीकरण घ्या. 'मुळे वास्तव नाहीत' असं उत्तर आलं, तर विवेचक (बी² − ४एसी; इथे ए = २, बी = −७, सी = ३) काढताना कंस गाळलाय. (−७)² म्हणजे ४९. कंसाशिवाय −७² लिहिलं की ते −४९ होतं आणि विवेचक −७३ निघतो. खरा विवेचक ४९ − २४ = २५. मुळे −३ आणि −१/२ आली? आकडे बरोबर, चिन्हं उलटी; म्हणजे (−बी ± √विवेचक)/२ए या सूत्रातल्या 'वजा बी'च्या जागी −(−७) = ७ न लिहिता नुसतं −७ टाकलंय. आणि ८.२५, ५.७५ असले दशांश दिसले तर छेदातला ४ फक्त ५ च्या खाली गेलाय. भागाकाराची रेघ ७ ± ५ या सगळ्याच्या खाली हवी. बरोबर मुळे ३ आणि १/२. पडताळा: बेरीज ७/२, गुणाकार ३/२, समीकरणाच्या सहगुणकांशी जुळतात. पट्टी घेऊन रेघ लांब ओढा, हसू नका, गुण वाचतात.

क्ष² = ५क्ष मध्ये दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं की ० हे मूळ गायब. शून्याने भागता येत नाही आणि क्ष शून्य असू शकतो. सगळं डावीकडे आणा: क्ष(क्ष − ५) = ०.

शाब्दिक उदाहरणात 'वडापाव चहापेक्षा ५ रुपयांनी महाग' वाचून वडापाव + ५ = चहा लिहिणारे दर वर्गात असतात. वडापाव २०, चहा १५ धरून बघा, समीकरण लगेच खोटं पडतं.

भूमितीत आकृतीवर फार विसंबू नका. त्रिकोण एबीसी आणि क्यूपीआर समरूप दिले असतील तर बीसीची संगत बाजू पीआर, क्यूआर नव्हे. दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली की संगती दिसते. बाजू २ : ३ असतील तर क्षेत्रफळं ४ : ९, वर्ग करायचा राहून जातो.

उन्नत कोनाच्या (वर बघताना नजर आडव्या रेषेशी करते त्या कोनाच्या) उदाहरणात डोळ्यांची उंची विसरतात. मुंबईतल्या ओव्हल मैदानासमोरचा राजाबाई टॉवर सुमारे ८५ मीटर. डोळे जमिनीपासून १.५ मीटरवर असतील, तर ४५° चा कोन ८५ नव्हे, ८३.५ मीटर अंतरावरून होतो. टॅन ३० आणि टॅन ६० यांची अदलाबदल पकडायची असेल तर एवढंच बघा: कोन ४५° हून लहान असेल तर उंची अंतरापेक्षा कमीच यायला हवी.

संभाव्यतेत सूत्र सोपं, घोळ मोजणीत. दोन फासे टाकले तर बेरीज २ ते १२, म्हणजे ११ शक्यता, म्हणून ७ येण्याची संभाव्यता १/११? नाही. या ११ बेरजा समसंभाव्य, म्हणजे सारख्याच शक्यतेच्या, नाहीत: २ एकाच प्रकारे येते, ७ सहा प्रकारे. नमुना अवकाश, म्हणजे सगळ्या शक्य निकालांचा संच, ३६ जोड्यांचा, उत्तर ६/३६ = १/६. (२, ५) आणि (५, २) वेगळ्या मोजा. पत्त्यांत 'लाल किंवा राजा' विचारलं की २६ + ४ = ३० लिहून मोकळे होतात; दोन लाल राजे दोनदा मोजले गेले. २८/५२ = ७/१३.

आणि ८:१२ ची लोकल एक तर मिळेल, नाही तर चुकेल, म्हणून संभाव्यता १/२? घरातून ८:११ ला निघणाऱ्याने हा हिशेब प्लॅटफॉर्मवर करून बघावा.