आडोशाच्या बागेतील बर्ड्स नेस्ट फर्न

बाराही महिने हिरव्या राहणाऱ्या नेच्यांमध्ये परसबागेत सर्वांत भारदस्त दिसतो तो बर्ड्स नेस्ट फर्न, म्हणजेच ॲस्प्लेनियम निडस. त्याची पाने चिरलेली नसून अखंड असतात, मधली शीर काळपट असते आणि जागा मानवली तर एकेक पान मीटरभर लांब होते. रानात हा नेचा बहुधा झाडांच्या खोडांवर वाढतो आणि वरून पडणारा पालापाचोळा पानांच्या घरट्यात साठवून त्याच्या कुजण्यावर पोसला जातो. त्याला साध्या बागमातीत खोल गाडले की मुळे गुदमरतात, आणि लागवड फसते ती बहुतेक वेळा येथेच.

आडोसा म्हणजे अंधार नव्हे. पूर्वेकडील किंवा उत्तरेकडील भिंतीलगत, आंब्या-फणसाच्या विरळ सावलीत, जेथे सकाळचे कोवळे ऊन चालेल पण दुपारचे मुळीच पोहोचणार नाही, अशी जागा निवडावी. कोकणात एवढे पुरते. पुण्या-नाशिककडे मात्र एप्रिल-मे महिन्यांतील कोरडा, तापलेला वारा पानांच्या कडा करपवतो, म्हणून तेथे वाऱ्याची बाजू हिरव्या जाळीने किंवा दाट झुडपांनी अडवावी लागते.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर करावी. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा, अर्धवट कुजलेला पालापाचोळा आणि थोडे गांडूळखत यांचे भुसभुशीत मिश्रण रुंद, उथळ कुंडीत भरावे. फणसाच्या खोडावर सोडणाचा थर देऊन रोप काथ्याच्या दोरीने बांधले तर ते अधिक खुलते, असे माझे मत आहे. फक्त उन्हाळ्यात तेथे पाणी रोज द्यावे लागते.

पाणी कडेने घालावे. मोकळ्यावर पावसाचे पाणी घरट्यात पडले तरी वारा ते सुकवतो, परंतु कोंदट कोपऱ्यात तेच पाणी मधला कोंब कुजवते. गुंडाळी उलगडणारी कोवळी पाने अतिशय ठिसूळ असतात. त्यांना हात लावू नये. पावसाळ्यात गोगलगायी नेमकी हीच पाने कुरतडतात, तेव्हा रात्री विजेरी घेऊन त्या वेचणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय आहे.

पानामागे शिरेपासून कडेकडे तिरप्या, समांतर तपकिरी रेघा दिसल्या तर औषध फवारण्याची घाई करू नये. ते नेच्याचेच बीजाणू, म्हणजे ज्यांपासून नवे नेचे उगवतात ते सूक्ष्म कण असतात. खवले कीड मात्र कशीही विखुरलेली असते आणि नखाने खरवडली असता सुटी होते.